भर व्हरांड्यात सुनावलं म्हणून

चि. डॉक्टरबाई,

अनेक आशीर्वाद.

निरोप वाचला. शाळा तपासणीत मुलाचं वजन जास्त निघालं, तू आईला बोलावून सांगितलंस आणि तिने भर व्हरांड्यात तुला सुनावलं, "खात्यापित्या घरचं पोर आहे, दिसणारच." तिला काही कळलंच नाही, असं तू लिहितेस. मला वाटतं, तिला भलतंच कळलं. तू वजन सांगितलंस, तिने ऐकलं, "बाई, तुला पोर सांभाळता येत नाही."

आपल्याकडे पोराचं वजन एकट्या पोराचं नसतं. पोर रोडावलं तर सून पोटाला घालत नाही, फुगलं तर सून लाडावून ठेवते. दोन्हीकडून सूनच सापडते. घरी जाऊन सासूला काय सांगायचं, हे तिच्या डोक्यात तुझं वाक्य संपायच्या आत सुरू झालेलं असतं. म्हणून पहिल्या भेटीत आलेलं उत्तर फार मनाला लावून घेऊ नकोस, आणि त्यावर वादही घालू नकोस.

शिवाय गुटगुटीत बालकांच्या स्पर्धा आपणच भरवल्या ना? गालाला हात लावून बक्षिसं दिली, फोटो काढले. आता तेच गाल दाखवून आपण काळजी करा म्हणतो. लोकांनी गोंधळायचं नाही तर काय!

दुसरं उत्तर तुला बापाकडून येईल : "तुमचा काटाच खोटा आहे." हसू नकोस. कापूस विकताना काट्याचे खेळ बघितलेला माणूस आहे तो, कुठल्याही काट्यावर पटकन विश्वास ठेवणार नाही. आणि कधीकधी त्याचं बरोबरही निघतं, कारण वर्गातली फरशी सपाट नसते, पोराच्या अंगात स्वेटर असतो. त्याच्यासमोर काटा शून्यावर आण, पोराला पुन्हा उभं कर, आकडा त्यालाच वाचू दे. उंचीही त्याच्यासमोरच माप. नुसत्या वजनावर काही ठरत नाही. पाच वर्षांपुढच्या मुलांसाठी इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचे २०१५चे तक्ते आहेत, त्यात मुलगा-मुलगी, वय आणि उंचीच्या हिशोबातलं वजन, असं सगळं मिळून बघायचं. स्वतः वाचलेल्या आकड्याशी माणूस कमी भांडतो.

धुळ्याकडची एखादी आजी म्हणेल, "आमना घरमा समदा आसाच शेतस." खरंच असतील. तिला खोटं पाडू नकोस, पुढचं विचार : घरात साखर कोणाला आहे, बीपीची गोळी कोण घेतं? 'आमच्यात असंच' याचा दुसरा अर्थ तिचा तिलाच दिसायला लागतो.

आणि मान बघ. वजन जास्त असलेल्या पुष्कळ मुलांच्या मानेवर, काखेत काळसर जाडसर पट्टा येतो. आया तो मळ समजून बेसन लावून घासतात, दगडाने घासतात, पोरं रडतात. शरीरातलं इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते, घासून जात नाही. आईला एवढंच सांग की हा मळ नाही, तुझ्या स्वच्छतेत काही कमी नाही, पण याची तपासणी करून घेऊ. तिच्यावरचा एक आरोप तू काढून घेतेस, मग पुढचं ती ऐकते.

सांगताना शेवभाजी बंद, मांडे बंद असली यादी देऊ नकोस. खान्देशातल्या घरात जाऊन शेव बंद म्हणालीस तर चहासुद्धा मिळायचा नाही! रोज शाळेतून येताना घेतलेलं पाच रुपयांचं पाकीट, बाटलीतलं गोड पाणी, जेवताना हातात मोबाइल, यातली एकच गोष्ट धर, आणि ती घरातल्या सगळ्यांसाठी. एका पोराच्या ताटात वेगळं वाढलं की ते चोरून खायला शिकतं. वाढत्या वयात बहुतेकदा वजन उतरवायचंही नसतं. उंची वाढेपर्यंत वजन आहे तिथे राहिलं तरी पुष्कळ झालं. हे ऐकून आईबापांचा जीव भांड्यात पडतो, म्हणून ते आधी सांग.

मुलींच्या बाबतीत मात्र सावध राहा. मुलाचं वजन म्हणजे घराची शान, मुलीचं वजन म्हणजे पुढे स्थळ बघतानाची अडचण. बारा-तेरा वर्षांच्या मुलीबद्दल तू सहज बोललीस, तर त्याच रात्रीपासून तिचं दूध बंद होतं आणि घरात चेष्टा सुरू होते. पाळी येण्याच्या आसपास अंग भरतंच. तिच्यासमोर आकडा बोलायचा नाही. वर्गात तर कोणाचाच नाही. एका शाळेत गुरुजी वजनं मोठ्याने वाचत आणि पोरं टोपणनावं ठेवत. पुढच्या तपासणीला ती ठरावीक पोरं गैरहजर.

आता तुझी सातपुड्याकडची फेरी. तिथे उलटं दुखणं, पण आईबापांचं मन तेच. धडगाव-अक्कलकुव्याकडे पाच वर्षांखालच्या पोराच्या दंडाला मापाची पट्टी लावलीस आणि माप ११.५ सेंमीच्या खाली लाल रंगात गेलं, तर आई म्हणेल, "खातच नाही." नव्या पोरींना हे टाळाटाळ वाटतं. अतितीव्र कुपोषणात भूकच मरते, डॉक्टरबाई! म्हणून तर आधी भुकेची चाचणी घेतात आणि मग गावातल्या बाल विकास केंद्रात ठेवायचं की दवाखान्यात पाठवायचं, ते ठरवतात. ती लक्षण सांगत असते आणि आपण तिलाच 'खाऊ घाला' म्हणून रागावतो.

दवाखान्यातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण दोन आठवडे राहायला सांगितलं की बाप नाही म्हणतो. पोराची माया नाही म्हणून नव्हे. घरी दोन लहान पोरं, शेळ्या, बुडणारी मजुरी. नकाराच्या मागे नेमकं काय आहे ते विचार : शेळ्या कोण बघेल? आजी येऊन राहील का? बुडीत मजुरी मिळते हे त्याला कोणी सांगितलंय का? पुष्कळ वेळा सांगितलेलं नसतं. नजर लागली म्हणून बडव्याकडे, म्हणजे गावातल्या मांत्रिकाकडे, जायचं म्हणाले तर जाऊ दे, फक्त दवाखान्याची गाडी आधी ठरव. पवारा आणि भिल आदिवासी घरांत अंगणवाडी सेविकेला बरोबर घेतल्याशिवाय बोलूच नकोस. तुझी मराठी त्यांना सरकारी वाटते.

दिवाळीनंतर बरीच घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीला परततात. त्या दिवसांत गेलीस तर अर्धी पोरं सापडायची नाहीत, आणि परतलेली बघायची तर होळी झाल्याझाल्या गाठावी लागतील. आधी सेविकेकडे निरोप पाठव, काट्याचे सेल बदलून ने, आणि नोंदवहीत वजनाशेजारी आई काय म्हणाली तेही तिच्याच शब्दांत लिहीत जा. पुढच्या वेळी तू नसशील, दुसरी कोणी असेल, तिला ते लागेल.

व्हरांड्यातल्या त्या आईकडे मात्र पुढच्या आठवड्यात परत जा. या वेळी तिच्या घरी, दुपारी, सासू झोपलेली असताना.

तुझी,
मॅडम