आज तुझे हजार कोणते?

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

रात्री पावणेबाराला पाठवलेला तुझा मेसेज मी सकाळी पाहिला. "मावशी, दिवसभर लॅपटॉपसमोर असते, तरी काहीच झालं नाही असं वाटतं. पुण्यात ऑफिसला जात होते तेव्हाच बरं होतं." उत्तर द्यायला घेतलं, पण एवढं सगळं अंगठ्याने टाइप करणं माझ्याच्याने होणार नाही. म्हणून हे पत्र.

तू बार्शीला परत गेलीस. भाडं वाचतं, आईच्या हातची भाकरी मिळते, गाडीघोड्याची दगदग नाही. तरी चिडचिड होते. यात तुझं काहीच चुकत नाही, असं मी म्हणणार नाही. थोडं चुकतंय. पण तू समजतेस ते नव्हे. तुला वाटतं तुझ्यात शिस्त नाही. दोन वर्षं माझ्याकडे मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची प्रूफं, तपासायला शिकलीस, तेव्हा शिस्तीची कमी मला तरी दिसली नव्हती. मला वाटतं, तुझा दिवस संपतच नाही. सुरू कसा करायचा यावर तू दहा व्हिडिओ पाहिलेस, संपवायचा कसा याचा विचार केला नाहीस.

'वर्क फ्रॉम होम' हे शब्द २०२० च्या मार्चनंतर ज्याच्या-त्याच्या तोंडी बसले, तेव्हा मला जरा गंमत वाटली होती. मी १९९४ पासून घरीच काम करते. आणि माझी आई माझ्याही आधीपासून घरीच बसून काम करायची. सोलापूरच्या पूर्व भागात ती विड्या वळायची. आमच्या गल्लीत, तेलुगू असो की मराठी, बऱ्याच घरांत हेच काम.

आदल्या रात्री तेंदूची पानं भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवायची. पहाटे पत्र्याचं माप पानावर ठेवून कात्रीने तुकडे कापायचे. पाणी, स्वयंपाक, आमच्या शाळेचे डबे उरकले की सूप मांडीवर. पानात चिमूटभर तंबाखू, दोन बोटांत वळण, दोऱ्याचे दोन वेढे, टोक मुडपलं की झाली एक. दिवसाला हजार. वर दहा-वीस जास्तीच्या, कारण दुसऱ्या दिवशी कारखान्यात माल द्यायला गेलं की तपासणारा खराब विड्या 'छाट' म्हणून बाजूला काढायचा, आणि मजुरी हजारावर. हजार भरले की आई सुपावर फडकं टाकायची आणि उठायची. मग ते चार वाजता असो नाहीतर सात वाजता. फडकं पडलं की ती विडीचं नाव काढत नसे.

त्या कामाचे गोडवे मी गाणार नाही. मजुरी तुटपुंजी, तंबाखूच्या धुळीने खोकला, आणि पन्नाशीच्या आत पाठ वाकलेली. तिच्याकडून आकडा घे, पाठ घेऊ नकोस. पाठीचं पुढे सांगते.

हा आकडा मला स्वतःला फार उशिरा उमगला. घरून काम करायला लागले तेव्हा मला वाटायचं, आपण सुटलो, आता वेळेचे आपण मालक. झालं उलटंच. सकाळी दूधवाला, मोलकरीण, वर्तमानपत्र यात अकरा वाजायचे. दुपारी पान दोन पानं. मग अपराधी वाटून रात्री दोनपर्यंत जागायचं. अशाच एका रात्री एका सहकारी बँकेचा वार्षिक अहवाल हातात होता. सभासदांना जाहीर झालेला 'लाभांश' माझ्या हातून 'लोभांश' म्हणून छापून गेला. चार हजार प्रती. वार्षिक सभेत एका आजोबांनी उभं राहून तो शब्द मोठ्याने वाचून दाखवला म्हणे. सभागृह हसलं; मी पुढचे कित्येक महिने हसले नाही. रात्री दोनला डोळे उघडे असतात, पण ते वाचत नसतात.

त्यानंतर मी आईसारखं सकाळीच ठरवायला लागले, की आज काय झालं म्हणजे उठायचं. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिते. 'प्रूफं' असं लिहीत नाही. 'पान ८१ ते १२०, दुसरं वाचन, आकडे ताडून' असं लिहिते. तू सबटायटल तपासतेस. तुझ्या कागदावर 'एपिसोड चार' असेल, तर संध्याकाळी तो झाला की नाही हे तुलाच सांगता येणार नाही. 'एपिसोड चारची पहिली वीस मिनिटं, वेळेसकट, पाठवून मोकळी' असं लिही. अशी ठरवून घेतलेली कामं हेच तुझे 'हजार'; ती दिवसाला दोन, फार तर तीन. उरलेल्या वेळेत मीटिंगा, मेल, कुणाचं तरी 'जरा बघतेस का' हे सगळं येणारच आहे, त्याला जागा ठेव. पहिल्या आठवड्यात तुझा अंदाज सपशेल चुकेल. माझाही चुकायचा. आईचा हजाराचा अंदाजसुद्धा लग्नानंतर दोन वर्षांनी बसला, आधी सहाशेवरच दमायची.

आणि हो, ते झालं की ऊठ. पाच वाजता झालं तर पाचला. तुला वाटेल, वेळ उरलाय तर उद्याचं थोडं ओढूया. ओढू नकोस. एकदा का मनाला कळलं की लवकर संपवलं तरी शिक्षा आहेच, की ते दुसऱ्या दिवशी आपोआप रेंगाळतं.

किती वेळ सलग बसायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं. इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिलोने १९८० च्या दशकाच्या शेवटी, विद्यार्थी असताना, टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून अभ्यास सुरू केला. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती. ती पद्धत आता जगभर चालते. मला २५ पुरत नाहीत, मजकुरात शिरायलाच दहा जातात. मी ५० मिनिटं बसते आणि मग गच्चीवर जाऊन वाळवण उलटून येते, नाहीतर कुंड्यांना पाणी. फोन मात्र त्या ५० मिनिटांत स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या फळीवर असतो. हाताशी उलटा ठेवलेला फोन हा ठेवलेला नसतोच.

तू विचारलंयस, सकाळी लवकर उठणं, चालणं, वाचन, पाणी पिणं, हे सगळं एक तारखेपासून सुरू करू का. नको. तुझी यादी पाहून मलाच धाप लागली. २१ दिवसांत सवय लागते असं जे सगळीकडे ऐकायला येतं, त्यावरही विसंबू नकोस. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजची एकेक नवी सवय लावून पाहिली होती. अंगवळणी पडायला मध्यम हिशेबाने ६६ दिवस लागतात असं निघालं. कुणाला १८, तर कुणाचा अंदाज २५४ वर गेला. त्यातली मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून फारसं काही बिघडत नाही. तू मात्र एक दिवस चालायला गेली नाहीस की बूट माळ्यावर टाकतेस, हे मी पाहिलंय.

म्हणून आत्ता एकच धर, आणि ती आधीच्या एखाद्या गोष्टीला बांध. सकाळचा चहा तू काही झालं तरी घेतेसच. कप विसळून ठेवला की चप्पल पायात आणि घराबाहेर. भगवंताच्या देवळापर्यंत जाऊन ये, दर्शन घे नको घेऊस, तुझी मर्जी. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, तो एवढ्यात निघेल. आणि परत आलीस की घरी आलीस असं न वाटता कामावर आलीस असं वाटेल. मग आंघोळ, धुतलेले कपडे. गाऊनमध्ये मीटिंगला बसतेस आणि कॅमेऱ्यापुरता वर कुर्ता चढवतेस, हे तूच हसत सांगितलं होतंस.

आता पाठ. पलंगावर, उशी मांडीवर आणि त्यावर लॅपटॉप, हे आजपासून बंद. मी तसंच केलं आणि मानेचा पट्टा लावून तीन महिने फिरले. माझ्या लॅपटॉपखाली जुन्या शब्दकोशाचे दोन जाड खंड आहेत, त्याने पडद्याची वरची कड डोळ्यांसमोर येते; कीबोर्ड वेगळा घेतला, काही फार महाग पडत नाही. खुर्चीत पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेव. पडद्याकडे पाहताना आपण पापण्या कमी मिटतो, म्हणून डोळे चुरचुरतात. दर २० मिनिटांनी २० फुटांवरचं काहीतरी २० सेकंद बघायचं, असं डोळ्यांचे डॉक्टर सांगतात. तुझ्या खिडकीतून कडुनिंब दिसतो ना, तोच बघ. दुपारी भाताचा डोंगर करू नकोस, भाकरी आणि शेंगाचटणीने झोप कमी येते (हे शास्त्र नाही, माझा अनुभव). चारनंतरचा चहा सोड. प्यालेल्या चहातलं निम्मं कॅफिन उतरायलाच साधारण पाच तास जातात. पावणेबाराला मेसेज करणाऱ्या मुलीला आणखी काय सांगू.

घरातल्यांचं सगळ्यात अवघड, हे मला ठाऊक आहे. "घरीच आहेस ना, सिलिंडर घेशील." "घरीच आहेस ना, दळण टाकून ये." मीटिंगमध्ये तू बोलायला लागलीस आणि मागून कुकरची शिट्टी. तुझ्या भावाने घरून काम केलं असतं तर त्याला दळणाला कुणी उठवलं असतं का, हा प्रश्न तुझ्या मनात आहे. प्रश्न रास्त आहे. पण तो मीटिंगला पाच मिनिटं राहिलेली असताना काढू नकोस, रविवारी जेवायला सगळे बसले की काढ. आणि आईला 'मला डिस्टर्ब करू नकोस' असं मोघम सांगून उपयोग नाही. घड्याळ सांग. अकरा ते एक आणि तीन ते पाच मी पुण्यात आहे असं समज. त्याबदल्यात एक काम स्वतःहून अंगावर घे, रोज ठरलेल्या वेळेला. संध्याकाळची भाजी निवडणं म्हण. एक नक्की मिळतंय म्हटल्यावर दहा वेळा हाक येत नाही. माझ्या सासूबाईंच्या बाबतीत हे बसायला वर्ष गेलं, पण बसलं.

साहेबांचे रात्रीचे मेसेज हा दुसरा वैताग. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्कात न राहण्याचा हक्क कायद्यात आला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. तोवर आपलं आपण बघायचं. भांडून नव्हे. रोज साडेसहाला तीन ओळी पाठव: आज काय पाठवलं, काय अडलं, उद्या सकाळी काय घेणार. बहुतेक साहेब रात्री विचारतात ते त्यांना माहीत नसतं म्हणून. माहीत असलं की निम्मे मेसेज गळतात. उरलेल्यांना सकाळी साडेनऊला उत्तर दे, रोज त्याच वेळेला. दोन आठवड्यांत त्यांनाही सवय होते. तरीही जो रात्री अकराला फोन करतोच, त्याच्याबद्दल आपण वेगळं बोलू. तिथे सवयी नव्हे, नोकरी बदलावी लागते.

एक गोष्ट तू मेसेजमध्ये लिहिली नाहीस, पण मला ती ओळींमधून वाचता आली. दिवसदिवस तू कुणाशी बोलत नाहीस. आई घरी काम करायची, पण एकटी नसायची. दुपारी चार-पाच बायका आपापली सुपं घेऊन कुणाच्या तरी ओट्यावर जमायच्या. रेडिओ चालू, जीभ चालू, हात चालू. एकीचं लेकरू आजारी असलं तर बाकीच्या तिचे पन्नास-पन्नास भरून द्यायच्या. हा ओटा तुझ्याकडे नाही आणि मीटिंगच्या चौकोनांत तो मिळणार नाही. माझ्याकडेही कित्येक वर्षं नव्हता. आता रोज अकराला मिरजेच्या एका मुद्रितशोधक बाईंचा फोन येतो, किंवा मी करते. दहा मिनिटं. दोघी आपापल्या घरी चहा पितो, 'की' ऱ्हस्व-दीर्घ यावर भांडतो आणि ठेवतो. तुला फोन नको असेल तर आठवड्यातले दोन दिवस लॅपटॉप घेऊन गावातल्या वाचनालयात बस. तिथले पेपर वाचणारे आजोबा आधी कुतूहलाने बघतील, मग जागा धरून ठेवतील.

आईची कात्री अजून माझ्याकडे आहे. पाती झिजून बारीक झालीत, कुरिअरची पाकिटं फोडायला वापरते. दिवाळीला आलीस की दाखवेन.

उद्या सकाळी तुझे हजार काय आहेत ते मला कळव, दोन ओळींत. आणि संध्याकाळी भरले की नुसतं 'फडकं' एवढंच लिही, मला समजेल. काही बोलायचं असेल तर फोन कर, पण साडेसहानंतर. अकराला तर मुळीच नको, तेव्हा मिरजेची लाईन बिझी असते.

तुझी,
मावशी