‘ध चा मा’ : साध्या छपाईच्या चुकीला म्हणावे का?

प्रश्न असा : छापताना एखादे अक्षर बदलले, तर ‘ध चा मा झाला’ म्हणता येईल का? आणि एका अक्षरापायी खरेच युद्ध पेटले होते का?

पहिल्याला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. हा वाक्प्रचार मुळात ‘करणे’चा, ‘होणे’चा नव्हे. त्यात हेतू हवा आणि अर्थ पार फिरायला हवा. नजरचुकीने अक्षर बदलले तर तो मुद्रणदोष. सभेच्या इतिवृत्तात ‘नामंजूर’मधला ‘ना’ कुणी मुद्दाम गाळला, तर मात्र त्याने ध चा मा केला.

काही जण ‘ध चा म’ लिहितात. तो काना कृपा करून सोडू नका. राघोबादादांच्या, म्हणजे नारायणराव पेशव्यांचे काका रघुनाथराव यांच्या चिठ्ठीत ‘नारायणरावांस धरावे’ असे होते आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी त्याचे ‘मारावे’ केले, अशी कथा आहे. नुसता म घातला तर ‘मरावे’ होते, आणि गारद्यांना, म्हणजे भाडोत्री शिपायांना, असा हुकूम कुणी देत नाही. सगळा घात त्या कान्यात आहे.

कथा म्हणायचे कारण, तशी खाडाखोड केलेली चिठ्ठी कुणी पुढे आणलेली नाही. खून मात्र खरा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणपतीच्या दिवसांत, सुमेरसिंग गारदी आणि त्याचे साथीदार शनिवारवाड्यात घुसले आणि अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांना त्यांनी काकांच्या डोळ्यांदेखत तोडले. पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून दोष ठेवला तो रघुनाथरावांवर. वाक्प्रचाराने तो एका बाईच्या लेखणीवर ढकलला, हे मला फार खटकते.

आता युद्धाचे. नुसत्या खुनाने ते पेटले नाही, वारसाच्या भांडणाने पेटले. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. नाना फडणीस, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके वगैरे कारभाऱ्यांनी (हेच बारभाई) त्यांना पुरंदरावर नेले, आणि एप्रिल १७७४मध्ये सवाई माधवराव जन्मले. पेशवाईचा हक्काचा धनी पाळण्यात आला, तशी खुनानंतर पेशवे झालेल्या रघुनाथरावांची गादी गेली. ते इंग्रजांच्या आश्रयाला गेले. मुंबईकर इंग्रजांचा मुंबईलगतच्या साष्टी बेटावर आणि वसईवर डोळा होताच. ठाण्याचा किल्ला त्यांनी १७७४च्या डिसेंबरातच घेतला होता. मार्च १७७५मध्ये रघुनाथराव आणि इंग्रज यांच्यात सुरतेचा तह झाला : फौज इंग्रजांची, बदल्यात मुलूख मराठ्यांचा. घरातला तंटा असा परक्याच्या दारात गेला आणि पहिले इंग्रज-मराठा युद्ध सुरू झाले. १७७९च्या जानेवारीत वडगावला इंग्रजांना नमते घ्यावे लागले, तरी १७८२च्या सालबाईच्या तहापर्यंत ते चालले. तहात वसई परत मिळाली. साष्टी गेली ती गेलीच. रघुनाथरावांना पेन्शन मिळाली.

म्हणून ‘ध चा मा’ बोलण्यात खुशाल वापरा, इतिहास म्हणून सांगू नका. त्याच घटनेशी जोडलेला ‘बारभाई’ही जरा सांभाळून वापरावा. धनी अनेक आणि जबाबदार कुणीच नाही, अशा कारभाराला आपण ‘बारभाईचा कारभार’ म्हणतो. पण १७७४च्या बारभाईंनी तान्ह्या पेशव्याच्या नावाने राज्य चालवले, इंग्रजांशी झुंज घेतली आणि रघुनाथरावांना गादीवर परत बसू दिले नाही.