चुरलेल्या कुरडया

उन्हाळा लागला की माझ्याकडे एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडांनी येते. आर्वी तालुक्यातल्या गावागावांतून बाया येतात, पदराने घाम पुसतात, पाणी पितात आणि म्हणतात, "मॅडम, पोट्टं काही करूच देत नाही जी." शेवयांचं पीठ मळलं की त्यात हात, पापड लाटायला बसलं की लाट्या पळवणार, घर आवरलं की अर्ध्या तासात पुन्हा तेच. शेवटी मोबाईल हातात द्यायचा आणि काम उरकायचं. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की मन खातं, आपलं काही चुकतंय का? दिवाळीच्या फराळाला हेच, संक्रांतीच्या लाडवांना हेच.

या बायांना मी एकीची गोष्ट सांगते. गाव सांगत नाही, काही तपशील बदलले आहेत. तिच्या मुलाला आपण गोलू म्हणू.

गोलू पाच वर्षांचा. घरात आजी, आईवडील, दोन वर्षांची धाकटी बहीण. दोन खोल्या, पुढे सपरी, तीन एकर कोरडवाहू. आई आली तीच थरथरत. आदल्या आठवड्यात तिने कुरडया घातल्या होत्या. कुरडयांना काय मेहनत लागते हे आपल्याकडच्या बाईला सांगायला नको. तीन दिवस गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, भल्या पहाटे तो शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत सोऱ्यातून घालून मोकळं व्हायचं. दुपारी ती जरा आत गेली आणि गोलूने खाटेवरच्या अर्धवट वाळलेल्या कुरडया दोन्ही हातांनी चुरून टाकल्या.

"मुद्दाम केलं जी त्यानं. माह्याकडे पाहून केलं. मी मारलं त्याले. लय मारलं." एवढं बोलून ती रडायलाच लागली.

पहिल्या दोन भेटींत मी सल्ला दिला नाही. तिची झोप होत नव्हती, धाकटी अंगावर पीत होती, शेतातली कामं होतीच. ते सगळं बोलून झाल्याशिवाय मुलाविषयी बोलण्यात अर्थ नव्हता. तिसऱ्या भेटीत मी एक साधा प्रश्न विचारला. कुरडया घातल्या त्याच्या आदल्या दिवशी घरात काय चाललं होतं?

"आदल्या दिवशी? काही नाही. सरगुंडे केले." सरगुंडे म्हणजे काडीवर गुंडाळून वाळवलेली कणकेची वेटोळी.

"गोलू कुठे होता?"

"माह्या बाजूलेच. त्यानंही केले. बारा-तेरा केले असतीन, काडीवर गुंडाळू गुंडाळू."

"मग ते कुठे गेले?"

ती पहिल्यांदाच जराशी हसली. "कामाचे नव्हते जी ते. एक जाड, एक बारीक. हात मळके त्याचे. मी मंग सारे मोडून गोळा केला अन् नीट करून टाकले."

"त्याने पाहिलं?"

ती गप्प झाली. मांडीवरच्या पिशवीचा बंद ती बोटाभोवती गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती, काडीवर सरगुंडा वळावा तशी. मी घाई केली नाही. बाहेर एसटी लागल्याचा गलका झाला, तिची गाडी होती ती, पण ती उठली नाही.

"पाह्यलं," ती म्हणाली. "खाटेजवळच उभा होता. संध्याकाळी इचारलं त्यानं, माहे कोनते? मी म्हटलं, सारे सारखेच."

मग बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता, "म्हणजे मॅडम, पह्यले मी त्याचे चुरले."

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं असतं तर तिने ते दोष म्हणून ऐकलं असतं आणि एसटीत बसेपर्यंत त्याचं उत्तरही तयार केलं असतं. ते तिच्या तोंडून आलं, म्हणून ते तिच्यासोबत घरी गेलं. इतक्या वर्षांत मी काही कमावलं असेल, तर अशा वेळी गप्प राहायची सवय कमावली.

त्या दिवशी मला माझंही एक कळलं. तोवर मी सगळ्या आयांना सांगत आले होते, मुलांना कामात घ्या, लुडबुड आपोआप कमी होईल. तो सल्ला अर्धाच होता. बाया मुलांना कामात घेत होत्या, हौसेने घेत होत्या, आणि पाठ वळली की त्यांनी केलेलं पुन्हा नीट करत होत्या. लाडू पुन्हा वळायचा, घडी पुन्हा घालायची, झाडलेल्या जागेवर लगेच दुसरा झाडू मारायचा. मुलाला काय कळतं? आपलं काम धरलं जात नाही. आईचं खरं, आपलं खोटं खोटं. हे कळल्यावर पाच वर्षांच्या मुलाजवळ सांगायला शब्द नसतात, हात असतात.

मी वर्ध्याच्या मातीत वाढलेली, त्यामुळे माझा ओढा कुठे आहे ते लपत नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम, म्हणजे हाताने काम करत शिकायचं शिक्षण, मांडली, पुढे आशादेवी आणि आर्यनायकम यांनी ती सेवाग्रामात उभी केली. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे तिथे मुलाने कातलेलं सूत हे खरं सूत होतं, वापरायचं सूत. खेळ म्हणून कातायचं आणि फेकायचं, असं नव्हतं. त्याआधी, १९०७ मध्ये, रोममधल्या गरीब वस्तीत मारिया माँटेसरींनी बालगृह सुरू केलं, तेव्हा त्यांनाही दिसलं की मुलं खेळणी बाजूला ठेवून खऱ्या कामाकडे वळतात. फुटणारी भांडीसुद्धा त्या मुलांच्या हाती देत. फुटू शकतं ते जपून धरायला मूल शिकतं.

म्हणून माझं सांगणं असं. मुलाला कामाचा एक लहानसा वाटा द्या आणि त्याने केलेला तो वाटा तसाच ठेवा. जाड सरगुंडे आतून वाळत नाहीत, डब्यात भरले तर बुरशी लागते, ही आईची काळजी खरीच आहे. पण मोडायचं कशाला? त्याच संध्याकाळी उकळा आणि रसासोबत वाढा. "हे गोलूचे" म्हणून बापाच्या ताटात पडू द्या. तोंडभरून वाहवा केली नाही तरी चालेल. कोणीतरी ते खाल्लं, एवढं मुलाला पुरतं.

कोणतं काम द्यायचं यात मात्र डोकं चालवावं लागतं. गरम पाकाचा लाडू लहान मुलाच्या हातात देऊ नये, पाक कातडीला चिकटतो आणि खोल भाजतो. कुरडयांचा चीक, तळणाची कढई, पेटलेली चूल यांच्यापासून त्याला लांबच बसवा. त्यापेक्षा दाण्या-गुळाचा लाडू घ्या. दाणे भाजून निवले की कोपरात, म्हणजे परातीत, ओता आणि मुलाला तळहाताने चोळू द्या. टरफलं सुटतात, मग सूप घेऊन आंगणात फुंकायची. ती लाल टरफलं उडताना पाहून चार वर्षांचं पोर अर्धा तास हलत नाही, हे मी पाहिलेलं आहे. फक्त अख्खा दाणा पाच वर्षांखालच्या मुलाच्या तोंडात जाऊ देऊ नका, घशात अडकतो. धाकटं घरात असेल तर नजर ठेवा. कूट आणि गूळ कालवले की लाडू थंडच वळायचा. वाकडा झाला तर वाकडा.

आणि रोज, प्रत्येक कामात मुलाला घ्यायचं असं मी म्हणत नाही. शेतातून थकून आलेल्या बाईला ते शक्य नाही. आठवड्यातून दोन कामं पुरतात. बाकी वेळी "आज मले घाई आहे, उद्या दाणे तुह्या हाती" असं सरळ सांगा आणि उद्या खरंच द्या. मोबाईलचं विचाराल तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय, दोन ते चार वर्षांच्या मुलाने दिवसाला एक तासापेक्षा जास्त वेळ पडद्यासमोर बसून घालवू नये, कमी असेल तितकं बरं. पण हातातला मोबाईल काढून घेतला तर त्या हातात दुसरं काहीतरी द्यावं लागतं, हे ध्यानात असू द्या.

पसाऱ्याचंही तसंच. आपल्या घरात सगळं मोठ्यांच्या उंचीला असतं. खुंटी वर, फळी वर, मांडणी वर. मग मूल वस्तू जाग्यावर ठेवणार कशी? गोलूच्या बापाने सपरीच्या भिंतीला, मुलाच्या छातीच्या उंचीवर, दोन खुंट्या ठोकल्या. एकीवर अंगणवाडीचं दप्तर, दुसरीवर सदरा. बिस्किटांची दोन खोकी आणली. वाचता येत नाही म्हणून एकावर गोट्यांचं चित्र काढलं, दुसऱ्यावर खडूंचं. तिसरं खोकं गोलूनेच मागितलं, ज्वारीच्या धांड्यांची बैलगाडी ठेवायला. खर्च म्हणाल तर दोन खिळ्यांचा.

आजीची समजूत घालणं सर्वांत अवघड गेलं. तिला नीट झालेलंच आवडायचं. अगदी सुनेची पोळीसुद्धा ती तव्यावर स्वतः फिरवायची. तिला मी काही सांगितलं नाही. सुनेला म्हटलं, मुलाचं टोपलं वेगळं ठेवा, म्हणजे आत्याबाईंचा हात तिकडे जाणार नाही. एवढ्याने भागलं.

गोलू काही रातोरात शहाणा झाला नाही. जूनमध्ये त्याने पापडाचा डबा पाडला, बहिणीला चावलाही. पण वाळवणाला पुन्हा हात लावला नाही, आणि मारणं थांबलं.

पोळा झाल्यावर ती सहज भेटायला आली, धाकटी कडेवर. पिशवीतून पदराच्या तुकड्यात गुंडाळलेला काळ्या मातीचा बैल काढला. गोलूने मॅडमला पाठवला होता. पोट जाड, पाय आखूड, आणि एकच शिंग. मला वाटलं एसटीत मोडलं असेल. माझ्या टेबलाच्या खणात डिंक होता, मी विचारलं, "दुसरं शिंग आहे का? जोडून टाकू."

"नोका जोडू जी," ती घाईने म्हणाली आणि बैल माझ्या हातातून घेऊन खिडकीत ठेवला. "त्यानं एकच केलं होतं."