आशाताई बाळाला बघायला घरी किती वेळा येतात? फक्त वजनच करतात का?
दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ४२ दिवसांत सहा वेळा (३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी). घरी झालं असेल तर पहिला दिवस धरून सात. पुढे ३, ६, ९, १२ आणि १५व्या महिन्यात. नुसतं वजन नाही: अंग गार पडलंय का, बाळ अंगावर नीट पितंय का बघतात, घड्याळ लावून श्वास मोजतात. नवजात बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त भरले तर लगेच दवाखाना. मोठ्या बाळाचा वरचा आहार, मान धरणं, बसणंही बघतात, तेव्हा माता-बाल संरक्षण कार्ड हाताशी ठेवा. नवजात बाळाची घरी येऊन काळजी घ्यायची ही पद्धत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग या दांपत्याने गडचिरोलीत गावातल्याच बायकांना शिकवून उभी केली. जन्मतः कमी वजनाच्या बाळाकडे मात्र फेऱ्या जास्त असतात.