चाकं बदलली, पण पिवळा दिवा जाईना

या महिन्यातली बरीचशी पत्रं एकाच दिव्याबद्दल आहेत. घोड्याच्या नालेसारखा आकार, मधे उद्गारचिन्ह, रंग पिवळा. हा टीपीएमएसचा, म्हणजे टायरमधल्या हवेच्या दाबावर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेचा दिवा. उत्तरांकडे वळण्याआधी एक खूण सगळ्यांनीच लक्षात ठेवावी. दिवा लागला आणि स्थिर राहिला, तर कुठल्यातरी चाकात हवा कमी आहे. गाडी सुरू केल्यावर तो मिनिट-दीड मिनिट लुकलुकला आणि मग स्थिर झाला, तर बहुतेक गाड्यांमध्ये त्याचा अर्थ वेगळा असतो: यंत्रणेला चाकाकडून काही ऐकूच येत नाही. चाकं बदलल्यावर येणारा दिवा पुष्कळदा या दुसऱ्या जातीचा असतो, आणि लोक त्यावर पहिल्या जातीचा उपाय करत बसतात. हवा भरतात, सोडतात, पुन्हा भरतात.

प्रश्न (पुणे) : डाव्या बाजूची चाकं पुढची मागे आणि मागची पुढे करून घेतली. आता पडद्यावर पुढच्या डाव्या चाकात २८ पीएसआय दाब दिसतो, पण गेज लावलं तर तिथे ३३ हवा आहे. २८ निघाली ती मागच्या डाव्यात. टायरवाला म्हणतो रीसेट मारा. असं बटणच सापडत नाही.

तुमच्या गाडीत बहुधा ते बटण नाहीच. पडद्यावर चारही चाकांचे वेगवेगळे आकडे दिसतात, याचा अर्थ प्रत्येक रिमच्या आत, व्हॉल्व्हच्या बुडाशी, एक सेन्सर आहे. साधारण काडेपेटीएवढी डबी. तिच्यात दाब मोजणारी चिप, नाण्यासारखी लिथियम बॅटरी आणि छोटा ट्रान्समीटर असतो. प्रत्येक सेन्सरला कारखान्यातच स्वतःचा क्रमांक मिळतो. दाबाच्या आकड्याबरोबर तो हा क्रमांकही पाठवतो आणि गाडीच्या संगणकात नोंद असते की अमुक क्रमांक म्हणजे पुढचं डावं चाक. चाक तुम्ही मागे नेलंत, नोंद जागेवरच राहिली. म्हणजे २८ हा आकडा खरा आहे, फक्त पत्ता जुना आहे. मागच्या डाव्या चाकात आधी हवा भरून घ्या, बाकीचं नंतर.

ही नोंद बदलण्याच्या तीन रीती आहेत आणि तुमच्या गाडीची कुठली, ते गाडीच्या पुस्तिकेत असतं.

पहिली, गाडी स्वतः शिकते. त्यासाठी ती आधी १५-२० मिनिटं उभी राहू द्यावी लागते, कारण चाक थांबलं की बॅटरी वाचवायला सेन्सर झोपतो आणि नव्याने शिकणं त्या झोपेनंतर सुरू होतं. मग ताशी ३०-४० किलोमीटरच्या वर, मधे न थांबता १०-२० मिनिटं चालवा. इथेच बहुतेकांचं फसतं. शहरातल्या सिग्नलांमधून तासभर फिरूनही गाडी शिकत नाही आणि ‘सेन्सर गेला’ असा निकाल लागतो. सकाळी लवकर बाह्यवळण रस्त्यावर एक फेरी मारलीत की काम होतं.

दुसऱ्या रीतीत गाडी उभीच असते. ती ‘शिकण्याच्या’ स्थितीत टाकायची आणि हातातलं सेन्सर जागं करणारं यंत्र एकेका व्हॉल्व्हजवळ धरायचं. ते १२५ किलोहर्ट्झची हाक देतं आणि सेन्सर जागा होऊन आपला क्रमांक सांगतो. क्रम बहुधा पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं उजवं, मागचं डावं असा असतो. तो चुकला तर पत्ते पुन्हा चुकतात. तिसऱ्या रीतीत याच यंत्राने चारही क्रमांक वाचून घेतात आणि स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टमधून, म्हणजे तपासणीचं यंत्र जोडायच्या खाचेतून, संगणकात लिहितात. तिथे सर्व्हिस सेंटर किंवा असा स्कॅनर असलेला टायरवाला लागतो. जाण्याआधी फोन करून ‘टीपीएमएसचे क्रमांक लिहिणारं यंत्र आहे का’ असं स्पष्ट विचारा, कारण साध्या स्कॅनरने एरर पुसता येते, क्रमांक लिहिता येतीलच असं नाही.

काम झालं की तिथेच पडताळा घ्या. एका चाकाची ४-५ पीएसआय हवा सोडा, दोन-तीन किलोमीटर चालवा आणि पडद्यावर कुठला आकडा उतरला ते बघा. त्याच चाकाचा उतरला तर पत्ता बरोबर. सोडलेली हवा मात्र आठवणीने पुन्हा भरा.

प्रश्न (कोल्हापूर) : माझ्या गाडीत आकडे दिसत नाहीत, फक्त दिवा लागतो. नवे टायर टाकल्यावर सेटिंगमध्ये जाऊन ‘सेट’ केलं, दिवा गेला. आठवड्याने पुन्हा आला, पुन्हा ‘सेट’ केलं. असं तीनदा झालं. सेन्सर बदलू का?

बदलायला चाकात सेन्सर बहुधा नाहीच. फोक्सवॅगन व्हर्टस किंवा टायगनसारख्या गाड्यांमध्ये हे काम एबीएसचे, म्हणजे ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचे, चाकाचा वेग मोजणारे सेन्सर करतात. हवा कमी झाली की टायर किंचित बसतो, त्याचा घेर घटतो आणि तेवढंच अंतर कापायला ते चाक इतरांपेक्षा थोडं जास्त फिरतं. हा फरक दिसला की दिवा लागतो.

‘सेट’ करणं म्हणजे गाडीला सांगणं की आत्ता चाकांची जी स्थिती आहे तीच बरोबर समज. म्हणून क्रमाला फार महत्त्व आहे. गाडी निदान तीन तास उभी असताना, टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरनुसार हवा भरा. पुढच्या-मागच्या चाकांचे आणि भरल्या गाडीचे आकडे वेगळे असतील तर तेही पाळा. मग ‘सेट’ करा. त्यानंतर अर्धा तास वेगवेगळ्या वेगाने चालवा, कारण बटण दाबलं की गाडी शिकायला सुरुवात करते, शिकून होत नाही.

तुम्ही तीनदा दिवा विझवलात, पण तीनदा हवा मोजलीत असं पत्रात नाही. हे आम्हाला काळजीचं वाटतं. एका चाकात २७ असताना ‘सेट’ केलं तर गाडीच्या दृष्टीने २७ हेच बरोबर ठरतं आणि पुढचा इशारा त्याहून बराच खाली गेल्यावर मिळतो. आठवड्याने दिवा परत येतो तेव्हा हळू पंक्चर गृहीत धरावं. चारही चाकं मोजा, आकडे लिहून ठेवा, तीन दिवसांनी थंड असतानाच पुन्हा मोजा. जे चाक २-३ पीएसआय उतरलंय ते पाण्याच्या टाकीत बुडवायला सांगा. नवे टायर टाकल्यावर गळती पुष्कळदा टायरमधून होतच नाही. ती व्हॉल्व्हच्या बुडाशी होते, नाहीतर रिमची कड नीट न घासता टायर चढवला असेल तर बीडमधून, म्हणजे टायरच्या रिमवर बसणाऱ्या कडेतून. म्हणून बुडबुडे शोधताना रिमची कड पूर्ण एक फेरा फिरवून बघायची.

या पद्धतीची एक मर्यादाही सांगतो. चारही चाकांची हवा महिनोन्‌महिने सारखीच उतरत गेली तर घेरांची तुलना करून काहीच हाती लागत नाही. गेज लागतंच.

प्रश्न (नाशिक) : पंक्चर झाल्यावर स्टेपनी लावली. दिवा लुकलुकतो आणि मग तसाच राहतो. स्टेपनीत हवा ३५ आहे.

हवा ठीक आहे, स्टेपनीत सेन्सर नाही. आपल्याकडच्या अनेक गाड्यांत चार चाकं अलॉयची सेन्सरसह आणि स्टेपनी लोखंडी रिमची, पुष्कळदा एक माप लहान आणि बिनसेन्सरची असते. मूळ चाक दुरुस्त होऊन परत बसलं आणि थोडी चालली की दिवा आपोआप जातो, काही रीसेट करायचं नाही. तोवर स्टेपनीवरच्या स्टिकरची वेगमर्यादा पाळा. ती बहुधा ८० असते.

ऑक्टोबर २०२० पासून साडेतीन टनांपर्यंतच्या गाड्यांना टीपीएमएस आणि ट्यूबलेस दुरुस्तीचा संच असेल तर स्टेपनीशिवाय विकायला परवानगी आहे. अशी गाडी असणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं: संचातलं चिकट द्रावण टायरमध्ये सोडलंत तर ते सेन्सरच्या बारीक छिद्रात जाऊन बसू शकतं आणि मग आकडा अडकतो. द्रावण वापरल्याचं टायरवाल्याला आधीच सांगा, म्हणजे तो टायर उघडून सेन्सर पुसेल. छिद्रात टाचणी मात्र कोणी घालू नये, आतला पडदा फाटतो.

प्रश्न (रत्नागिरी) : हवा तपासताना व्हॉल्व्हची टोपी निघेना. पक्कड लावल्यावर व्हॉल्व्हच तुटला. आता अख्खा सेन्सर बदलावा लागेल म्हणतात. गाडी सहा वर्षांची आहे.

किनाऱ्यावर हे वारंवार घडतं. सेन्सरच्या बऱ्याच व्हॉल्व्हचा दांडा ॲल्युमिनियमचा असतो. त्यावर कोणी पितळी किंवा चकचकीत धातूची टोपी बसवली किंवा आत हवा अडवणारी साधी पितळी पिन टाकली की दोन वेगळ्या धातूंमध्ये खारट दमट हवा शिरते आणि ॲल्युमिनियम झिजू लागतं. पांढरी भुकटी साचते, आटे धरतात. टोपी फिरवली की दांडाही तिच्याबरोबर पिळला जातो आणि मुळाशी तुटतो. इलाज स्वस्त आहे: टोपी प्लॅस्टिकची आणि पिन निकेलचा मुलामा असलेली. पिन सोन्यासारखी पिवळी दिसली तर ती पितळी, निकेलची रुपेरी दिसते.

तुटल्यावर सेन्सर टाकून द्यायची घाई नको. पुष्कळ सेन्सरमध्ये व्हॉल्व्ह एका छोट्या स्क्रूने डबीला जोडलेला असतो आणि तो सुटा मिळतो. रबर, वॉशर, नट, पिन, टोपी असा दुरुस्ती-संचही मिळतो आणि खरं तर टायर उतरवला की तो दर वेळी बदलावा, कारण एकदा दाबलं गेलेलं रबर दुसऱ्यांदा तसं बसत नाही. नट साध्या पान्याने ताकद लावून आवळू नये. तो साधारण ४ ते ८ न्यूटन-मीटर एवढ्याच जोराने आवळायचा असतो, नेमका आकडा सेन्सरच्या कागदावर असतो. जास्त आवळला तर रबर कापलं जातं किंवा दांड्याला बारीक चीर जाते, आणि ती चीर पुढच्या खड्ड्यात बोलते.

तुमच्या बाबतीत मात्र वयाचा विचार करा. सेन्सरची बॅटरी ५ ते १० वर्षं जाते आणि ती राळेत बंद असल्यामुळे सहसा बदलता येत नाही. टायरही संपत आले असतील तर चारही सेन्सर टायरबरोबरच बदलून टाका. नाहीतर एकेक सेन्सर बंद पडेल आणि दर वेळी टायर उतरवणं, बॅलन्सिंग, क्रमांक लिहिणं असा खर्च पुन्हा येईल.

टायर उतरवताना मशीनजवळ उभे राहा आणि ‘आत सेन्सर आहे’ हे बोलून दाखवा. बीड रिमपासून सोडवणारं मशीनचं फावडं व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला लागलं पाहिजे, व्हॉल्व्हपाशी नाही. व्हॉल्व्हजवळ एक दाब बसला की डबी फुटते.

प्रश्न (ठाणे) : भाऊ अमेरिकेहून आला तेव्हा त्याच्याकडून नव्या अलॉयसाठी चार सेन्सर मागवले. व्यवस्थित बसले, पण गाडी ओळखतच नाही. पाकिटावर ३१५ लिहिलंय.

तिथेच गोम आहे. अमेरिकेत ३१५ मेगाहर्ट्झचे सेन्सर बऱ्याच गाड्यांत असतात, तर आपल्याकडच्या आणि युरोपातल्या गाड्या ४३३.९२ वर ऐकतात. रेडिओ एका स्टेशनवर आणि गाणं दुसऱ्यावर लागलंय. स्कॅनरने क्रमांक कितीही वेळा लिहिला तरी गाडीला ऐकू येणार नाही. हे सेन्सर तुमच्या गाडीला निरुपयोगी आहेत. शक्य असेल तर परत पाठवा.

नवे घेताना ४३३ एवढंच बघून भागत नाही, गाडीच्या मॉडेल आणि वर्षाला जुळणारे घ्या, कारण संदेशाची भाषाही कंपनीगणिक वेगळी असते. कोरे, प्रोग्राम करता येणारे सेन्सर मिळतात. त्यांत जुन्या सेन्सरचा क्रमांक उतरवून घेता येतो, म्हणजे गाडीला बदल कळतच नाही आणि काही शिकवावं लागत नाही. मात्र मग जुनी चाकं गाडीच्या डिकीत ठेवून फिरू नका, एकाच क्रमांकाचे दोन आवाज येतील. आणि क्रमांक टायर चढवण्याआधी उतरवायचे.

प्रश्न (बार्शी) : व्हॉल्व्हवर टोपीसारखे बसवायचे बाहेरचे सेन्सर आहेत. चाकांची अदलाबदल केल्यावर काय करायचं?

टोप्या काढून आपापल्या मूळ जागी परत बसवा. प्रत्येकीवर जागेची खूण छापलेली असते. रबरी व्हॉल्व्हवर अशा टोपीचं वजन दर फेऱ्याला ओढ देतं, तेव्हा व्हॉल्व्हच्या मुळाशी चिरा पडल्यात का ते महिन्यातून एकदा वाकवून बघा.

प्रश्न (नागपूर) : सकाळी ३३ भरली. समृद्धीवर दोन तास चालवल्यावर दुपारी ३८ दाखवते. हवा सोडू का?

सोडू नका. टायर गरम झाला की साधारण ६ अंशांना १ पीएसआय या हिशेबाने दाब चढतो. ३३ ची ३८ होणं म्हणजे आतली हवा तीसेक अंशांनी तापली, आणि काँक्रीटवर सलग वेगात ते साहजिक आहे. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा आहे, हा चढ धरूनच तो ठरवलेला असतो. वाटेत ५ सोडलेत तर दुसऱ्या दिवशी सकाळी २८ उरतील. मग टायरच्या कडा जास्त वाकतील आणि तो पहिल्यापेक्षा अधिक तापेल. चारपैकी एकच चाक इतरांपेक्षा ४-५ ने वेगळं चढलं किंवा उतरलं तर मात्र पुढच्या थांब्याची वाट न बघता सुरक्षित जागी थांबून ते चाक तपासा.