माउंट म्हणजे आरोहण नव्हे

प्रश्न असा आलाय की फाइलसिस्टीम (डिस्कवरच्या फाइलींची रचना) माउंट करणं याला मराठीत 'आरोहण' म्हणावं का, आणि विंडोजवाल्यांना या शब्दाची गरज तरी आहे का.

आधी एक सांगतो, पेनड्राइव्ह खोचला की लगेच 'माउंट झाला' म्हणणं बंद करा. खोचल्यावर कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, डिव्हाइस दिसतं, बस. त्यातली फाइलसिस्टीम एखाद्या डिरेक्टरीवर (फोल्डरवर) आणून बसवली की मग माउंट. हल्ली डेस्कटॉप हे परस्पर करून टाकतो म्हणून दोन्ही एकच वाटतं.

आता आरोहण. आरोहण म्हणजे स्वतः चढणं. इथे कोण चढतंय? पूर्वी ऑपरेटर टेपचं रीळ, डिस्कचा पॅक उचलून खरोखरच ड्राइव्हवर चढवायचा, शब्द तिथला आहे, आणि १९७१ च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलमध्ये माउंट कमांड आहेच. आरोहण सुचवणारे पंडित शब्दकोशातल्या पहिल्या अर्थावरच थांबलेत, त्यांनी ड्राइव्हकडे बघितलेलं नाही. आ + रुह् (चढणे) धातूचं प्रयोजक रूप आरोपयति, म्हणून चढवणं ते आरोपण. ध्वजारोहण की ध्वजारोपण हा वाद त्यातलाच.

आणि आरोपणाच्या शेजारीच अध्यारोप बसलाय! लिनक्सवर एका डिरेक्टरीत दोन फाइली ठेवा, त्याच डिरेक्टरीवर दुसरी डिस्क माउंट करा आणि 'एलएस' (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) मारा. फाइली गायब. पुसल्या नाहीत, नुसत्या झाकल्या गेल्या, यूमाउंट केलं, म्हणजे डिस्क उतरवली, की जशाच्या तशा हजर. वेदान्तात दोरीवर साप भासतो तो अध्यारोप, आणि तो भास दूर करणं याला शब्द आहे अपवाद. म्हणजे यूमाउंटला अपवाद! कुणी म्हणेल साप खोटा असतो, डिस्क खरी असते. असू दे की, खालचं न बिघडवता वरचं दिसायला लागणं ही क्रिया तीच आहे, आणि इतका नेमका शब्द मला दुसऱ्या कुठल्या परिभाषेत दिसत नाही.

हां, विंडोज. ती ड्राइव्हची अक्षरं (सी:, डी:) सीपी/एम या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमकडून डॉसमार्गे आली, त्यामुळे 'आमच्याकडे माउंट नसतंच' असं लोक ठोकून देतात, जे साफ चूक आहे. विंडोज २००० पासून एनटीएफएस या विंडोजच्या फाइलसिस्टीममधल्या फोल्डरवर अख्खा व्हॉल्यूम (डिस्कचा स्वतंत्र भाग) चढवता येतो, कमांडचं नावच माउंटव्हॉल. फक्त फोल्डर रिकामा लागतो. झाकायला खाली काही नाहीच, त्यामुळे तिथे अध्यारोप म्हणता येणार नाही, साधं 'चढवणे-उतरवणे' म्हणा.