चकली मऊ पडली, म्हणजे नेमकं काय झालं?

"माझा स्वभावच नकारात्मक आहे. सगळे सांगतात, पॉझिटिव्ह राहा, यश येईलच. मी करून पाहिलं, पण माझ्याच्यानं नाही होत ते. मग माझं काहीच होणार नाही का?"

हा प्रश्न समुपदेशनाच्या खोलीत फार वेळा येतो. कधी पीएससीच्या दोन प्रयत्नांनंतर थकलेला मुलगा विचारतो, कधी नोकरी सुटलेला चाळिशीतला गृहस्थ. इथे तो विचारला होता इंदूरच्या सुदामानगरातल्या एका 38 वर्षांच्या बाईंनी. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बाई घरून फराळाच्या आणि पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेत. पहिल्या दिवाळीत 11 ऑर्डरी आल्या. त्यातल्या छत्रीबागेतल्या एका काकूंचा पाडव्याला फोन आला, "अगं, चकली मऊ पडली गं." मग होळीला 60 पुरणपोळ्यांची ऑर्डर आदल्या संध्याकाळी रद्द झाली. पुरण शिजवून, वाटून तयार होतं. त्या दिवसापासून त्यांनी फोनवरच्या विचारणांना उत्तर देणं सोडून दिलं. आषाढात त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा सात मेसेज तसेच पडून होते. "माझ्या हाताला चवच नाही. धंदा माझा पिंड नाही. माझ्या हातून काही धडच होत नाही," हे त्या पहिल्या पंधरा मिनिटांत तीनदा म्हणाल्या.

विचारांच्या सवयीकडे वळण्याआधी एक गोष्ट तपासावीच लागते. गेले दोन आठवडे झोप कशी आहे, जेवण जातं का, आवडीच्या गोष्टीत मन लागतं का, जगणं नकोसं वाटतं का. यासाठी नऊ प्रश्नांची एक प्रचलित चाचणी आहे. तिचे गुण 0 ते 27 असतात आणि 10 किंवा जास्त आले तर मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवण्याचा विचार करावा लागतो. नैराश्याचा आजार असलेल्या माणसाला "दृष्टिकोन बदला" सांगणं म्हणजे ताप आलेल्याला पळायला सांगणं. बाईंचे गुण 6 होते आणि जगणं नकोसं वाटत नव्हतं, म्हणून पुढे जाता आलं. ज्यांचे गुण जास्त येतात त्यांच्यासाठी इंदूरमध्ये एम.वाय. रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे आणि मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस या फोन-सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो.

आता त्यांनी काय "करून पाहिलं" होतं ते. नणंदेने पाठवलेला एक व्हिडिओ बघून रोज सकाळी आरशासमोर उभं राहून म्हणायचं, "मी यशस्वी आहे. ऑर्डरी माझ्याकडे चालत येतात." 21 दिवस करायचं होतं, नवव्या दिवशी सोडलं. "म्हणताना आतून कोणी तरी म्हणायचं, खोटं बोलतेयस."

हा त्यांचा दोष नव्हता. मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवून दिलं की अशी वाक्यं ज्यांचा स्वतःवर आधीच विश्वास आहे त्यांना थोडी मदत करतात, पण ज्यांना ती सर्वांत जास्त हवी असतात त्यांचं मन उलट खालावतं. मन लगेच विरुद्ध बाजूचे पुरावे काढून समोर ठेवतं. त्याहून जुना एक अभ्यास आहे गॅब्रिएल ओटिंगन आणि थॉमस वॉडन यांचा, 1991 चा, वजन कमी करण्याच्या कार्यक्रमातल्या स्त्रियांवरचा. "मला हे जमेल" अशी अपेक्षा ज्यांना होती त्यांचं वजन जास्त उतरलं. पण आपण बारीक झालो आहोत, सगळं सहज पार पडलं आहे, अशी गोड चित्रं रंगवणाऱ्यांचं कमी उतरलं. अपेक्षा आणि स्वप्नरंजन या दोन गोष्टी आपण एकाच "पॉझिटिव्ह" शब्दात कोंबतो आणि तिथेच घोटाळा होतो.

मग आशावाद म्हणजे काय? समुपदेशनात त्याचा कामाचा अर्थ असा: वाईट घडल्यावर आपण स्वतःला त्याचं जे कारण सांगतो, ते योग्य मापाचं असणं. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कारणं सांगण्याच्या सवयीचा बराच अभ्यास केला. निराश होणारा माणूस कारण तीन बाजूंनी ताणतो: हे कायमचं आहे, हे सगळीकडेच असं आहे, आणि हे सर्वस्वी माझ्यामुळे आहे. "माझ्या हातून काही धडच होत नाही" या एका वाक्यात तिन्ही ताण आहेत. वाक्य खरं की खोटं हा वाद घालण्यात अर्थ नसतो. अडचण ही की त्या वाक्याला धरून दुसऱ्या दिवशी सकाळी करण्यासारखं काहीच उरत नाही. "हाताला चव नाही" यावर उपाय काय करणार?

म्हणून पहिल्या भेटीनंतर दिलेलं काम होतं दोनशे पानी वहीचं. उभ्या चार रेघा मारायच्या, पाच रकाने. पहिल्यात काय घडलं, जेवढं तिथे उभ्या असलेल्या परक्या माणसाला दिसलं-ऐकू आलं असतं तेवढंच. दुसऱ्यात मनात आलेलं वाक्य, जसंच्या तसं, शिवीसकट. तिसऱ्यात ते वाक्य किती टक्के खरं वाटतं. चौथ्यात दुसरी शक्य कारणं, निदान तीन, आणि त्यांतलं पुराव्याशी जुळणारं कोणतं. पाचव्यात उद्या करायचं एक काम, पंधरा मिनिटांत होईल असं. रोज लिहायची गरज नाही, आठवड्याला तीन नोंदी पुरतात. पण लिहायचं त्याच दिवशी आणि रात्री साडेनवाच्या आत, कारण अंथरुणावर पडून लिहिलं की दुसरा रकाना फुगतो आणि चौथा कोराच राहतो.

पहिल्या आठवड्यात बाईंची वही चुकली, आणि जवळजवळ सगळ्यांची चुकते तशीच. पहिल्या रकान्यात लिहिलं होतं, "काकूंनी माझा अपमान केला." हे घडलेलं नाही, हा अर्थ आहे. घडलं ते इतकंच: काकू फोनवर म्हणाल्या, चकली मऊ पडली. चौथ्यात लिहिलं होतं, "असू दे, मी छान करते." हे कारण नाही, हा आरसाच पुन्हा वहीत आला. त्या रकान्यात ज्यावर स्वतःचा विश्वास बसत नाही असं एकही वाक्य चालत नाही.

मग ती एकच नोंद दुसऱ्या भेटीत चाळीस मिनिटं घेऊन बसलो. चकली मऊ का पडते, हे त्यांना समुपदेशकापेक्षा कितीतरी चांगलं ठाऊक होतं, फक्त त्या दिवशी कोणी विचारलं नव्हतं. तेल फार तापलं तर वरून लाल होते, आत कच्ची राहते आणि थोड्या वेळाने मऊ पडते. तेलातले बुडबुडे कमी व्हायच्या आत झारा घातला तरी तेच. हवा दमट असेल तर सादळते. गरम असताना डब्यात भरून झाकण लावलं तर आतल्या वाफेने मऊ पडते. आता पुरावा. त्याच घाण्यातली चकली घरात होती, ती भाऊबीजेपर्यंत कुरकुरीत होती, म्हणजे भाजणी आणि तळणी ठीक. दिवाळीत इंदूरची हवा कोरडी, म्हणजे दमटपणाही नाही. राहिलं चौथं कारण. बाई थांबल्या, मग हळूच म्हणाल्या, "काकूंचा मुलगा लवकर आला होता. शेवटचा घाणा मी तसाच भरला."

"हाताला चव नाही" हे वाक्य आधी 90 टक्के खरं वाटत होतं, त्यानंतर 40. शून्यावर आणायचा प्रयत्न मुद्दाम केला नाही. 90 चे 60 झाले तरी माणूस हलायला लागतो, आणि शून्याचा हट्ट धरला की माणूस पुन्हा स्वतःशी खोटं बोलायला लागतो. पाचव्या रकान्यात गेलं: "चकली कागदावर दोन तास. घ्यायला येणाऱ्याला वेळ त्याप्रमाणे द्यायची."

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. चूक त्यांचीच होती. आशावादी कारण म्हणजे दुसऱ्याच्या माथी मारलेलं कारण नव्हे. "लोकांना खाण्यातलं कळत नाही" असं म्हणूनही मन हलकं होतं, पण पुढच्या दिवाळीत चकली पुन्हा मऊच पडते. जबाबदारी घ्यायची, पण डब्याच्या झाकणाएवढी. आख्ख्या जन्माएवढी नाही.

होळीच्या पोळ्यांचं उलट होतं. ती ऑर्डर रद्द झाली त्या घरातल्या आजारपणामुळे, त्यात बाईंचा काही दोष नव्हता. त्यांनी मात्र मनात नोंद केली होती, "माझ्यावर कोणाचा भरवसा नाही." चौथ्या रकान्यात उतरलं ते साधंच: आगाऊ रक्कम घेतली नव्हती. दीड किलो डाळ, तेवढाच गूळ, गॅस आणि एक आख्खी दुपार वाया गेली, कारण रद्द करायला समोरच्याला काहीच मोजावं लागत नव्हतं. नियम ठरला, निम्मे पैसे आधी, आणि दोन दिवस आधी कळवलं तरच परत. असं मागितलं तर लोक दुखावतील ही भीती होती. ते वाक्यही वहीत गेलं, टक्क्यांसकट.

सर्वांत अवघड होते ते सात मेसेज. जुने झाले, आता काय उत्तर देणार, ही लाज असते आणि दिवसागणिक ती वाढते. सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी 1967 मध्ये कुत्र्यांवर केलेले प्रयोग बऱ्याच जणांना माहीत असतात. विजेच्या झटक्यांपासून सुटका आपल्या हाती नाही असा अनुभव आलेले कुत्रे पुढे सुटका शक्य असतानाही हलले नाहीत, आणि यालाच शिकलेली असहायता म्हटलं गेलं. 2016 मध्ये त्याच दोघांनी मज्जासंस्थेवरच्या नव्या कामाच्या आधाराने आपलं म्हणणं दुरुस्त केलं. लांबलेल्या त्रासात गपगार पडून राहणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते "माझ्या हालचालीने फरक पडतो" हे. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांचे खांदे खाली आले. हातपाय गळणं हा त्यांचा नाकर्तेपणा नव्हता.

फरक पडतो हे शिकायचं तर काम लहान हवं आणि त्याची वेळ बांधलेली हवी. पीटर गोल्विट्झर यांच्या संशोधनातून आलेली "अमुक झालं की तमुक करायचं" ही रीत इथे चांगली उपयोगी पडते. "रोज मेसेज बघेन" असं ठरवून काही होत नाही. ठरलं ते असं: दुपारी मुलांचे डबे घासून उपडे ठेवले की ओल्या हाताला टॉवेल लावायचा आणि ओट्याशी उभ्या उभ्या एका मेसेजला उत्तर द्यायचं. एकालाच. मजकूरही आधी लिहून ठेवला, दोन ओळींचा, माफीचं पुराण न लावता. पहिल्या दिवशी डबे घासून झाले आणि त्या फोन न उघडता भाजी निवडायला बसल्या. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला होता. चार्जर ओट्याजवळच्या प्लगला आणला आणि काम सुरू झालं. तीन आठवड्यांत सातही उत्तरं गेली. तिघांनी काही कळवलंच नाही, दोघांनी नको म्हटलं, दोघांनी गणपतीसाठी मोदक सांगितले.

गणपतीतच पुन्हा ठेच लागली. एका घरचे 21 मोदक चतुर्थीऐवजी पंचमीला धरले गेले. बाईंनी वहीत लिहिलं, "मीच बावळट. पहिल्यापासून अशीच." 85 टक्के. या वेळी चौथा रकाना त्यांनी स्वतःच भरला: तारीख फोनवर ऐकली, लिहिली नाही, कुकरची शिट्टी चालू होती. टक्के 50 वर आले. कालनिर्णयवर लाल पेनाने लिहिल्याशिवाय "हो" म्हणायचं नाही, हे ठरलं. पैसे परत केले ते मात्र गेलेच, आणि दोन दिवस वाईट वाटलं. वाईट वाटायला जागा ठेवावी लागते.

घरात एक पेच आणखी होता. यजमान प्रत्येक गोष्टीत आधी काय बिघडेल ते सांगायचे आणि बाईंना वाटे, यांच्यामुळेच माझं मन खचतं. पण ते गृहस्थ बिघाड सांगून गप्प बसत नसत, जादा सिलेंडर आणून ठेवत. जुली नोरेम यांनी अभ्यासलेला हा प्रकार आहे. काही माणसं वाईटाची कल्पना करूनच तयारीला लागतात, आणि त्यांना जबरदस्तीने हसतमुख केलं तर त्यांचं काम बिघडतं. त्यांना बदलायचं नाही असं ठरलं. फक्त शंका सांगायची ती दुपारच्या चहाला, रात्री नाही.

आणि काही गोष्टी वहीने हलत नाहीत. तेल महागलं, सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, तीन आठवडे एकही ऑर्डर घेता आली नाही. त्याला दृष्टिकोनाचं नाव देणं अन्यायाचं झालं असतं. त्या आठवड्यांच्या नोंदींत चौथ्या रकान्यात एकच शब्द आहे, "परिस्थिती", आणि पाचवा रकाना रिकामा.

आठ भेटी झाल्या, पहिल्या चार दर आठवड्याला, पुढच्या पंधरा दिवसांनी. दिवाळीत त्यांनी 14 ऑर्डरी घेतल्या आणि पंधरावी नाकारली. त्या रात्रीची नोंद अशी आहे. पहिला रकाना: "पाच किलो चकलीला नाही म्हटलं." दुसरा: "संधी घालवली, मी भित्री." तिसरा: 30. चौथा: "भाजणी शुक्रवारी संपते. नवी दळून, तळून, गार करायला दीड दिवस हवा. तो नाही." पाचवा: "त्यांना सांगायचं, तुळशीच्या लग्नाला देईन."

छत्रीबागेच्या काकूंचा डबा चौदांमध्ये होता.